आलेच

मायक्रोस्कोपमध्ये सगळं उलटं दिसतं, हे मी जान्हवीला सगळ्यात आधी शिकवलं होतं. स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं. स्लाइड स्वतःकडे ओढली की चित्र लांब जातं. सुरुवातीला प्रत्येकाचा गोंधळ उडतो, मग डोकं विचार करायचं सोडून देतं आणि बोटांनाच सगळं कळायला लागतं. जान्हवीची बोटं माझ्यापेक्षा लवकर शिकली. तेव्हा ती दुसरीत होती, आणि तिची आई जिवंत होती.

मी रंग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. आठवडाभर रंगात कुठे गुठळी राहिली का ते बघायचं आणि रविवारी समुद्राच्या पाण्यात कोण राहतं ते बघायचं, असं माझं आयुष्य. समुद्राच्या एका थेंबात डायटम नावाचे जीव असतात. शेवाळाचेच भाऊबंद, पण प्रत्येकाला स्वतःचं काचेचं कवच असतं. कुणी होडीच्या आकाराचा, कुणी गोल चकती, कुणी स्वल्पविरामासारखा वाकडा. आयपीसला, म्हणजे जिथे डोळा लावायचा त्या नळीला, मोबाइल अडकवायचा एक चिमटा मिळतो. त्याने मी त्यांचे फोटो काढतो. एकाच डायटमचे वेगवेगळ्या खोलीवर फोटो घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर ते एकावर एक बसवून एक लख्ख चित्र करायचं. वेळखाऊ काम आहे, पण कुणाला त्याचा उपद्रव नव्हता.

सुचित्रा, माझी बायको, मायक्रोस्कोपला मुद्दाम दुर्बीण म्हणायची. मी चिडतो हे माहीत असल्यामुळे म्हणायची. "तुझी दुर्बीण आवर, पोळ्या वाढल्यात," ही आमच्याकडची रविवार दुपारची हाक होती.

आम्ही, माझी आईसुद्धा, बेहाल्याला राहतो. माझे वडील, दत्तात्रय, नोकरीसाठी कलकत्त्याला आले ते इथलेच झाले. मी इथेच जन्मलो. घर जुनं आहे, दुसऱ्या मजल्यावरचं, लाल गुळगुळीत जमिनीचं. पुढच्या खिडकीतून डायमंड हार्बर रोडचा गोंगाट आणि वरून जाणारी मेट्रो. मागच्या खिडकीखाली जलपर्णीने भरलेलं तळं. माझं टेबल त्या मागच्या खिडकीशी आहे, कारण तिथे दुपारचा उजेड चांगला येतो.

सुचित्रा मात्र वाईची. लग्न होऊन इथे आली आणि आमचं मराठी ऐकून तिने कपाळाला हात लावला. माझं एक वेळ तिने चालवून घेतलं, पण जान्हवीच्या मराठीमागे ती हात धुऊन लागली होती. जान्हवी म्हणायची, "मला पाणी खायचंय." बंगालीत पाणी खातात, त्याला ती पोर तरी काय करणार! सुचित्रा दर वेळी विचारायची, "पाणी चावून खातेस का गं?" आणि जान्हवी दर वेळी खिदळून परत तेच म्हणायची.

आणखी एक शब्द जान्हवीला कधीच नीट कळला नाही. 'आलेच.' आपण घराबाहेर पडताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. अगदी पटकन परतायचं असेल तर 'आलेच' म्हणतो. सुचित्रा जिन्यावरून ओरडायची, "आलेच हं!" आणि जान्हवी दारात उभी राहून मला विचारायची, "कुठे आली? ती तर गेली."

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही बक्खालीला गेलो. तिथला समुद्र ओहोटीला खूप आत जातो आणि मैलभर सपाट ओली वाळू उघडी पडते. सुचित्राच्या जुन्या नायलॉनच्या ओढणीची मी एक गाळणी केली होती. मी आणि जान्हवी एका उथळ डबक्यात ती फिरवत बसलो होतो. सुचित्रा चपला हातात घेऊन म्हणाली, "मी जरा पाण्यापर्यंत जाऊन बघते. आलेच." आणखी पाच-सहा माणसं तिकडे चालली होती, त्यांच्यामागून ती गेली. मग समुद्रावरून धुकं आलं. भरतीचं पाणी समोरून यायच्या आधी बाजूच्या खाडीतून वळसा घालून मागून आलं. बाकीची माणसं धावत, ओरडत परतली. सुचित्रा परतली नाही.

कोळ्यांच्या होड्या दोन दिवस फिरल्या. काही सापडलं नाही. पहिल्याच संध्याकाळी एक हवालदार जान्हवीजवळ उकिडवा बसून प्रेमाने तिला विचारत होता, आई कुठल्या बाजूला गेली. जान्हवी त्याला बंगालीत म्हणाली, "मा एशे गेछे." आई आली आहे. हवालदाराने मागे वळून बघितलं. मीही बघितलं.

पुढे इथल्या मराठी मंडळातल्या गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे दर्भाची आकृती करून तिला अग्नी दिला. माझी आई रडली, मी रडलो. जान्हवी रडली नाही. आई आली आहे असंच ती सांगत राहिली, शाळेत, खालच्या मजल्यावरच्या बाईंना, सगळ्यांना. जेवताना सुचित्राच्या जागी ताट मांडायची. समुपदेशक बाई म्हणाल्या, तिच्याशी खोटं बोलू नका आणि तिचे हात कशात तरी गुंतवा. वर्षभर मला दुसरं काही नको होतं. सुचित्रा परत मिळणार नव्हती. जान्हवी मिळायला हवी होती.

वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "बाबा, दुर्बीण काढ ना."

मला इतका आनंद झाला की मी लगेच कपाट उघडलं. ती पुढे म्हणाली, "आईच्या समुद्राचं पाणी आण." मी कपाटाचं दार धरून आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "आण बाबा. पाणीच तर आहे." रविवारी मी पहाटेची बस धरली, वाळूवर जाऊन पाण्याला नमस्कार केला आणि एक बरणी भरून आणली.

ती बरणी मी मागच्या खिडकीत ठेवली. झाकण सैलसर, म्हणजे आतल्या जीवांना हवा मिळेल. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर जान्हवीने स्वतः थेंब घेतला, त्यावर पातळ काच अलगद टेकवली आणि स्टुलावर चढून डोळा लावला. होड्या होत्या, चकत्या होत्या, एक पारदर्शक पिल्लू पाय झाडत होतं. तिचा श्वास जोरात चालला होता. वर्षभरात तिला इतकं जिवंत मी पाहिलं नव्हतं.

"बाबा, बघ! लक्ष्मीचं पाऊल!"

मी पाहिलं. एक वाकडं, स्वल्पविरामासारखं कवच, आणि त्याच्या रुंद टोकापुढे पाच बारीक गोल दाणे, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने. मूठ पिठात बुडवून टेकवावी आणि मग बोटाने पाच ठिपके द्यावेत, हुबेहूब तसं. मी हसलो. मोबाइल अडकवून मी त्याचे फोटो काढले आणि एकत्र बसवले. सुंदर आलं. माझा एक मित्र आहे, कुणाल सेन. हावड्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि या वेडात माझ्या पुढे दोन पावलं आहे. त्याला पाठवलं. "दारुण छोबी, दादा!" म्हणजे झकास फोटो, असा त्याचा निरोप आला आणि मागून शास्त्रही आलं: थेंब वाळायला लागला की कडेला ओढ निर्माण होते, बारीक कण एकमेकांना चिकटून रांग धरतात, माणसाला मग त्यात काय हवं ते दिसतं. माझं समाधान झालं.

दुसऱ्या थेंबात दोन पावलं होती.

माझ्या आईला एक डोळा मिटून बघणं जमत नाही, म्हणून मी फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवला. कौतुकाने दाखवला. तिने चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि खुर्ची ओढून बसली.

"नचिकेत, दोन्ही डावी आहेत रे."

गौरीच्या दिवसांत आमच्याकडे उंबरठ्यापासून आतपर्यंत पावलं काढतात. गौर त्या पावलांवरून घरात येते. एक पाऊल उजव्या मुठीने काढायचं आणि दुसरं डाव्या, तरच जोडी जमते. सुचित्रा दोन्ही एकाच मुठीने काढायची. सांगून सांगून आई थकली. "दोन्ही डावीच! गौर लंगडत येणार आपल्याकडे," असं आई दर वर्षी म्हणायची आणि सुचित्रा हात झटकत म्हणायची, "येऊ दे की लंगडत. येणार तर खरी!"

मायक्रोस्कोप आरशासारखा डाव्याचं उजवं करत नाही. तो चित्र फक्त अर्धा फेरा फिरवतो. डावं ते डावंच राहतं. मी कितीही डोकं चालवलं तरी ती पावलं डावीच होती.

मला भीती वाटली. मी मात्र भीती वाटली की तपासायला लागणारा माणूस आहे. सगळ्या स्लाइड स्पिरिटने धुतल्या. नळाचं पाणी पाहिलं, खालच्या तळ्यातलं पाहिलं, ऑफिसातल्या एकाकडून पुरीच्या समुद्राचं पाणी मागवून पाहिलं. कुठेच काही नव्हतं. मग बरणीतलंच पाणी जान्हवी शाळेत असताना, माझ्या हाताने घेऊन पाहिलं. एकामागून एक थेंब पाहिले. होड्या, चकत्या, तेच ते पिल्लू. पाऊल एकही नव्हतं.

त्या दुपारी जान्हवी आली, दप्तर टाकलं, थेंब ठेवला आणि डोळा लावायच्या आधीच म्हणाली, "आली बघ."

होती. दोन पावलं, जरा पुढे आणखी एक.

मी मायक्रोस्कोप कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली आईकडे दिली. जान्हवी रडेल, पाय आपटेल अशी माझी तयारी होती. तिने दप्तर उचलून जागेवर ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, मला पाणी प्यायचंय."

आईचा चेहरा उजळला. "अगंबाई! प्यायचंय म्हणाली! सुधारली गं माझी बाय!"

मी पेला भरून तिच्या हातात दिला. कुणी सुधारलं तिला? वर्षभर तिच्याशी तसं बोलणारं घरात कुणी नव्हतं. ती पाणी प्यायली, पेला पालथा घातला आणि ओठ हाताच्या पाठीने टिपले. सुचित्रा तसे टिपायची. मुली आईचं बघूनच शिकतात, असं मी स्वतःला सांगितलं.

त्यानंतरचे दिवस वरवर चांगले गेले. जान्हवीने ताट मांडणं सोडलं. शाळेतून तक्रार येईना. तिचं मराठी रोज थोडं थोडं सरळ होत होतं. 'चल' म्हणायच्या जागी ती 'चला की' म्हणायला लागली. आई खूश होती, तिला वाटत होतं पोरीचं मन ठिकाणावर येतंय. मी तसं मानायचा प्रयत्न करत होतो. जान्हवी डावा डोळा सारखा चोळत असे, तेवढं सोडलं तर खोडच काढायला जागा नव्हती.

एक दिवस ऑफिसातून लवकर सुटलो. ऑटोतून उतरून गल्लीत शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. हिवाळ्यात इथे संध्याकाळ लवकर होते, आणि तळ्याच्या बाजूने थंड, कुजकट वास वर येतो. आमच्या जिन्यात त्या दिवशी वेगळा वास होता. ओल्या वाळूचा, खारट. मी वर पळालो.

कपाट उघडं होतं. मायक्रोस्कोप टेबलावर होता, त्याचा दिवा लागलेला. जान्हवी स्टुलावर बसून डोळा लावून बघत होती. आई दारात गोंधळून उभी.

"तिने मागितली रे किल्ली. इतकं छान बोलली, 'आजी, जरा किल्ली द्याल का' म्हणाली. मला नाही म्हणवेना."

जान्हवी आजीला कधी 'द्याल का' म्हणाली नव्हती. तिला अहो-जाहो बोलताच यायचं नाही. आईला या घरात अहो-जाहो एकच माणूस करायचं.

मी जान्हवीला उचलून बाजूला केलं आणि स्टुलावर बसलो. खाली बघायची हिंमत गोळा करायला मला वेळ लागला. मग डोळा लावला.

पावलांची रांग होती. खालून वर, अगदी सरळ, डावं, डावं, डावं, प्रत्येकाला पाच बोटं. बोटं वरच्या बाजूला, टाचा माझ्याकडे. माझ्यापासून लांब, वरच्या कडेच्या धूसर उजेडाकडे पावलं चालली होती.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. पाठमोरी आहे. जाते आहे. निरोप घ्यायला आली होती, लेकीला बघितलं, आता चालली. मी स्वतःला शास्त्राचा माणूस समजतो, पण त्या क्षणी मी हे सगळं मानलं, आणि मला रडू आलं.

"आई, ती चालली," मी म्हणालो. "जातेय ती."

आई हळूहळू टेबलाशी आली. तिने मायक्रोस्कोपला हात जोडले. शेजारच्या घरात संध्याकाळचा शंख वाजला, मग त्याच्या पलीकडच्या घरात. आईचे डोळे वाहत होते. आपल्या दारातून निघालेल्या माणसाला जे म्हणतात, तेच ती म्हणाली. आपल्यात कुणाला 'जा' म्हणत नाहीत.

"ये हं, सुचित्रा," आई म्हणाली. "ये."

मीही मान हलवली.

शेवटचं पाऊल तेवढं फोटोत ठेवावं असं मनात आलं. रांगेच्या मागे मागे वरच्या कडेपर्यंत जायचं होतं. मी डोळा लावला, दोन बोटं स्लाइडवर ठेवली आणि सरकवायला लागलो. एक पाऊल गेलं, दुसरं गेलं, रांग पुढे उलगडत होती. माझी बोटं सरावाने काम करत होती. ती स्लाइड पुढे ढकलत होती. माझ्यापासून लांब.

मी थांबलो.

वरचं बघायचं तर स्लाइड पुढे ढकलावी लागते, कारण जे वर दिसतं ते खरं खाली असतं. जे लांब दिसतं ते जवळ असतं.

हे मीच तिला शिकवलं होतं.

पावलं जात नव्हती.

मी डोळा काढला आणि स्लाइडकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं. काच, त्यावर ओला डाग, दुसरं काही नाही. पण आता दिशा मला ठाऊक होती. खिडकीकडून माझ्याकडे. स्टुलाकडे. इतके दिवस त्या स्टुलावर मी नव्हतो बसत.

परत डोळा लावायचं धैर्य कुठून आलं मला माहीत नाही. मी स्लाइड कडेपर्यंत ढकलली. शेवटचं पाऊल काचेच्या अगदी काठावर होतं. टाच होती. बोटं नव्हती. बोटांपुरती काचच उरली नव्हती.

"जान्हवी," मी हाक मारली.

ती माझ्या मागेच उभी होती. डावा डोळा चोळत होती.

मी काय काय केलं ते सांगतो. बरणीत ब्लीच ओतलं, वर उकळतं पाणी ओतलं आणि मोरीत रिकामी केली. स्लाइड वर्तमानपत्रात गुंडाळून वरवंट्याने चुरा केली. टेबल पुसलं, स्टूल पुसलं, खिडकीची चौकट पुसली. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोप खोक्यात भरून लाँचने हावड्याला नेला आणि कुणालच्या हवाली केला. त्याला वाटलं मी छंद सोडतोय. त्याने खूप समजावलं. मी कठड्याला धरून परत आलो, खाली नदीकडे बघितलं नाही.

जान्हवीचा डोळा लाल झाला. पाणी गळायला लागलं. आईने खिडकीपाशी नेऊन तिची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाली, "डोळे आलेत गं बाई."

माझ्या हातातून चहाचा कप पडला. आपल्या भाषेत त्याला तसंच म्हणतात, मी लहानपणापासून ऐकतोय. डोळे आलेत. तरी मला तिथे उभं राहवेना.

डॉक्टरांनी साधी साथ आहे म्हणून थेंब दिले. त्याने उजवा डोळा बरा राहिला. डाव्यातून पाणी येतच राहिलं. ती रडत नव्हती, तोंड हसतं असायचं आणि गालावरून ओघळ चाललेला. उशीचा अभ्रा वाळला की कडक व्हायचा. आईने एकदा मला खूण करून तो दाखवला. मिठाने पांढरा पडला होता.

मी आयुष्यभर जे मिळेल ते काचेवर ठेवून पाहिलंय. रंग, धूळ, दही, स्वतःचं रक्त. ऑफिसात उत्तम मायक्रोस्कोप आहे. तिच्या गालावरचा एक थेंब टिपून न्यायला काहीच अवघड नव्हतं. मी तो नेला नाही. तिचे डोळे पुसताना मी रुमाल लगेच धुऊन टाकतो, आणि रुमालाकडे बघत नाही.

आज रविवार आहे. दुपारी ऊन चांगलं पडलं होतं. खालून कुणीतरी नोलेन गुळाची, खजुराच्या नव्या गुळाची, हाळी देत गेलं. आईने वरण-भात केला, पोळ्या केल्या. मागच्या खिडकीशी टेबल रिकामंच आहे. मला वाटत होतं, होईल हळूहळू सगळं ठीक. पोर जेवते, झोपते, शाळेत जाते. आणखी काय हवं?

आईने ताटं घेतली. बाथरूममध्ये पाण्याचा आवाज येत होता. मी हाक मारली, "जान्हवी, पोळ्या वाढल्यात!"

पाणी बंद झालं.

"आलेच हं!"

आईचा हात पोळीच्या डब्यावर तसाच राहिला. तो शब्द जान्हवीने जन्मात वापरला नव्हता. आणि त्यातला 'हं' किंचित लांबवलेला, वर नेलेला, जिन्यावरून यायचा तसा.

दार उघडलं. ती ओल्या पायांनी आली. माझ्या खुर्चीमागून गेली, खारट वास मागे राहिला, आणि रिकाम्या जागी, सुचित्राच्या जागी बसली. पाठीवरचे केस एका हाताने पुढे घेतले. खिडकीकडे नजर टाकली आणि माझ्याकडे बघून हसली.

"आवरलीस का दुर्बीण? बरं केलंस."

आईने फडकं घेतलं होतं, जमीन पुसायला. लाल जमिनीवर पाणी सांडलेलं तिला चालत नाही. पण ती पुसत नव्हती. फडकं हातात धरून खाली बघत उभी होती.

मी वळून पाहिलं. उन्हाने पावलं वाळत चालली होती. आधी बाथरूमच्या दाराशी, मग माझ्या खुर्चीमागची, मग तिच्या पायांपर्यंतची. पाणी गेलं तिथे तांदळाच्या पिठाने काढल्यासारखा पांढरा ठसा मागे राहत होता. लहान, माझ्या मुलीच्या मापाचा. प्रत्येकाला पाच बोटं.

दोन्ही डावी.